नियम सात आणि तळखारचा जावई

तळखार,
२८ जुलै २०२४

चि. नीरास,

दादाचे आशीर्वाद. कागद पाहून छातीत धस्स झालं असेल तर आधीच सांगतो, इथे सगळे धडधाकट आहेत. तुझ्या कोकिळावहिनीचा आवाजसुद्धा.

फोन का नाही केला ते तुला माहीत आहे. जानेवारीत फायनलच्या आदल्या दिवशी मी आमच्या कबड्डी संघाला डावपेच सांगणारा व्हॉइस मेसेज केला आणि तो गेला पंचक्रोशी भजन मंडळाच्या ग्रुपवर. तुमच्या करंजटेपच्या पोरांनी तो चहा पीत पीत ऐकला आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला अकरा गुणांनी लोळवलं. तेव्हापासून मी संघाचा चिटणीस असूनही संघाचं काही फोनवर बोलायचं नाही असा ठराव आहे. म्हणून कागद. वेणूबाई थळहून सुकी मासळी घेऊन आठवड्यातून एकदा आमच्याकडे येते आणि पुढे तुमच्याकडे जाते. तिच्या टोपलीतून पत्र येईल. सुकटीचा वास आला तर नाक दाबून वाच, पण वाच.

यंदा संघाला पन्नास वर्षं होतात. पन्नास वर्षांत पंचक्रोशी स्पर्धेची ढाल एकदाही तळखारात आलेली नाही. मी साठीला टेकलो, आता ती आपल्या देवळात टांगलेली बघायची एवढीच इच्छा उरली आहे. पावसाळ्यात मैदानात चिखल असतो आणि सगळे संघ घरी बसलेले असतात, तेव्हा खेळाडू जोडायचे ते याच दिवसांत. पण आणायचे कुठून? स्पर्धेचा नियम सात म्हणतो, खेळाडू त्या गावात जन्मलेला हवा, नाहीतर त्या गावचा जावई हवा. आमच्याकडे जन्मलेले सगळे मी चाळून झालो. राहिला जावई.

आता नीट वाच. तुमच्या निकेशसारखा चढाईपटू खाडीच्या या अंगाला दुसरा नाही. तो सव्वीस वर्षांचा आणि बिनलग्नाचा आहे. माझी रचना चोवीसची आहे. आणि माझी सख्खी बहीण निकेशच्या घरासमोर राहते. पुढचं मी लिहायला नको.

रचनाही खेळते म्हणा. पोरींचा संघ चार वर्षं बक्षिसाचा स्टीलचा हंडा आणतोय, वहिनीला उपयोगी पडतो. लग्न झालं की सुटेल तिचा खेळ. दत्तजयंतीच्या आत समितीकडे नावं द्यायची आहेत, म्हणून घाई कर.

तुझा,
भिकूदादा


करंजटेप,
३ ऑगस्ट

दादा,

पत्र मिळालं, चार जवळ्यांसकट. तू पोरीसाठी मुलगा शोधतोयस की संघासाठी चढाईपटू, हे समजायला मला ते दोनदा वाचावं लागलं. शेवटी ठरवलं की तुझं तुलाही माहीत नाही.

आता माझी अडचण बघ. छत्तीस वर्षं मी या गावची सून आहे. आमचा हुकमाचा एक्का काढून माहेरच्या हातात दिला तर इथे मला विहिरीवर कोणी उभं करणार नाही. पण रचना माझी भाची आहे आणि मुलगा खरोखर चांगला आहे. रेवसच्या धक्क्यावर लाँचच्या तिकिटांचं काम करतो, सुट्टीच्या दिवशी आईबरोबर शेतात असतो. तेव्हा मी या भानगडीत पडते.

माझ्या दोन अटी आहेत. एक, आधी रचनाला विचार. दुसरी अशी, की तुझ्या पत्रातली एक ओळ मला टोचली आहे. लग्न झालं की सुटेल तिचा खेळ, हे तू तिला विचारून लिहिलंस की नेहमीसारखं परस्पर? तिचा खेळ सुटणार नाही असा शब्द मी निकेशच्या घरून आणणार आहे. तो मिळाला तरच हे लग्न, नाहीतर तुझी ढाल गेली खाडीत. त्या बोलण्यात तू तोंड घालायचं नाहीस.

नीरा


तळखार,
५ सप्टेंबर

चि. नीरास,

श्रावणात मासळी कोण घेतो, म्हणून वेणूबाई महिनाभर फिरकलीच नाही आणि माझी इकडे तगमग. परवा गणपती बसतील, त्याआधी ती एकदाची आली.

रचनाला विचारलं. ती म्हणाली, बघून सांगते. मी म्हटलं, त्याच्या चढाया तू दहा वेळा बघितल्यास. ती म्हणाली, "बाबा, चढाई येगली न् मानूस येगला." आजकालच्या पोरींना काय काय सुचतं. तुझी दुसरी अट मान्य. तिला खेळायचंय तर खेळू दे, तसंही चूल पेटली की आपोआप आठवण राहत नाही.

आता कामाचं. चिटणीस म्हणून मला पूर्ण माहिती लागेल. त्याचा दम कसा आहे, गुडघे कसे आहेत, पावसाळ्यात तालीम करतो की अंग सुटलंय, व्यसन काय? आणखी दोन गावं त्याच्यावर डोळा ठेवून आहेत असंही कानावर आलंय. त्यांच्याकडे लग्नाच्या मुली आहेत का, याचाही तपास कर. कोणाला संशय येऊ देऊ नकोस.

भिकूदादा


करंजटेप,
२० सप्टेंबर

दादा,

चिटणीससाहेबांच्या प्रश्नांची उत्तरं. दम विचारशील तर परवा निकेशने आईला शेतातून हाक मारली ती आमच्या परसात ऐकू आली. गुडघे दोन्ही जागेवर आहेत. रोज संध्याकाळी तो मैदानावर असतो, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघते. व्यसन चहाचं.

ती दोन गावंही येऊन गेली. दोघांकडेही मुली होत्या. मैदानावर उभे राहून त्याला बघितलं आणि चहा न घेता परत गेले. का गेले ते मी विचारलं नाही, तूच म्हणालास संशय येऊ देऊ नकोस.

आता पितृपक्ष आहे. दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी मी त्या लोकांना घेऊन येते. वहिनीला सांग, कांदेपोहे बेताचे कर. आणि चटया टाकू नका, खुर्च्या मांडा. मुलाकडची माणसं आहेत, मान ठेवायला हवा.

नीरा


तळखार,
२१ ऑक्टोबर

चि. नीरास,

काल तू होतीसच, पण तू बायकांत होतीस आणि मी पुरुषांत, म्हणून माझ्या बाजूचं लिहितो. मुलगा पसंत. एकदम पसंत.

सर्वात आधी मला त्याचा विनय आवडला. आपल्या चार पायऱ्या, पण पोरगा सगळ्यांच्या मागे राहिला आणि एकेक पायरी सावकाश चढला. मोठ्यांच्या पुढे धावायचं नाही हे संस्कार हल्ली दिसत नाहीत. आमच्या पोरांना मी तेच म्हणालो. सदा, आमचा कर्णधार, मेला हळूच म्हणतो, "भिकूकाका, त्याला मैदानात एक फेरी मारायला लावू या का?" मी त्याला गप्प केलं. बैल घेताना चालवून बघतात, जावयाला चालवून बघायची रीत आपल्यात नाही.

मागच्या पडवीत रचना आणि तो तुझ्यासमोर दहा मिनिटं बोलले. काय बोलले ते रचना सांगत नाही, नुसती हसते. हो मात्र म्हणाली. माझ्या जिवाला केवढं बरं वाटलं सांगू. ढालीचं आहेच, पण पोरगी हसली, त्याचंही.

भिकूदादा


करंजटेप,
२५ ऑक्टोबर

दादा,

सोबत समितीचे दोन ना-हरकत फॉर्म आहेत. निकेशचा तुमच्याकडे यायचा, त्यावर आमच्या चिटणिसाची सही घेतली. त्याने एवढ्या पटकन केली की मलाच वाईट वाटलं. दुसरा रचनाचा, तळखारहून करंजटेपला यायचा. महिला गटात सुनेला तोच नियम लागतो. त्यावर तुझी सही हवी. वाचून कर. मागाहून म्हणशील नीराने फसवलं.

नीरा


तळखार,
३० ऑक्टोबर

चि. नीरास,

दोन्ही वाचले. रचनाच्या फॉर्मवर सही केली. संसार सांभाळून कोण खेळतंय, पण तुझं मन राखलं. एक हंडा देऊन ढाल मिळत असेल तर हा सौदा मी रोज करीन. दिवाळीचा फराळ वेणूबाईकडे दिलाय, चकल्या तिने वाटेत खाल्ल्या नाहीत तर पोचतील.

भिकूदादा


तळखार,
१८ डिसेंबर

नीरा,

आशीर्वाद वगैरे आज नाही.

लग्न झालं, पोरगी पाचपरतावणाला माहेरी येऊन गेली, दत्तजयंतीला नाव दिलं. काल जावई पहिल्यांदा तालमीला आले. पोरांनी फटाक्यांची माळ लावली, मी स्वतः नारळ फोडला. निकेशने चप्पल काढली, मैदानाला नमस्कार केला आणि कडेच्या बाकावर जाऊन बसला. मी म्हटलं, चला. तो म्हणाला, "बाबा, माझा गुडघा एप्रिलमध्येच गेला. लिगामेंट तुटलंय. चालता येतं, काम व्हतं, पन चढाई आता न्हाय व्हायची. तुमाला म्हाईत न्हाय?"

मला माहीत नव्हतं. अख्ख्या करंजटेपला माहीत होतं. त्या दोन गावांनाही बघताक्षणी कळलं. आमच्या सदाला पायऱ्यांवर संशय आला. फक्त तळखारच्या चिटणिसाला कळलं नाही, कारण त्याची बहीण त्याला लिहीत होती की गुडघे जागेवर आहेत. आता गावात पोरं मला बघून लंगडत चालतात.

आणि काल समितीची महिलांची यादी आली. करंजटेप, डावा कोपरा, रचना. आमच्या पोरींच्या संघातली आरोही माझ्यासमोर येऊन रडली, म्हणाली, काका, आमचा अर्धा संघ तुम्ही सही करून दिला. मी काय करून बसलो ते मला तेव्हा समजलं.

ढालीचं जाऊ दे. मुलीच्या बापापासून जावयाचं दुखणं लपवलंस, हे तुला शोभलं का?

भिकू


करंजटेप,
२३ डिसेंबर

दादा,

शिव्या देऊन झाल्या असतील तर ऐक.

तुझ्या प्रश्नांना दिलेलं माझं एक उत्तर खोटं दाखव. गुडघे जागेवर आहेतच. संध्याकाळी तो मैदानावर असतोच, आमच्या पोरींना शिकवत असतो, म्हणून तर मला दिसतो. तू बाप म्हणून एकदा विचारलं असतंस, मुलगा बरा आहे ना, नीट चालतो ना, तर मी सगळं लिहिलं असतं. तू चिटणीस म्हणून विचारलंस आणि चिटणिसाला उत्तर मिळालं.

रचनापासून मात्र काही लपलं नाही. त्याला मांडी घालता येत नाही हे तुला दिसू नये म्हणून मी खुर्च्या मांडायला लावल्या होत्या, तिच्यापासून लपवायला नाही. खिडकीतून तिने त्याला पायऱ्या चढताना बघितलं आणि मला म्हणाली, "आते, डावा गुडघा." कोपऱ्यात खेळणारी पोरगी माणसाचे पाय आधी बघते, तोंड नंतर. पडवीत तिने त्याला तोंडावर विचारलं. त्याने सगळं सांगितलं, डॉक्टरचा कागदही खिशात आणला होता. मग ती म्हणाली, "मी लगीन झाल्यावर पन खेलनार. चालंल काय?" तो म्हणाला, "माझा तं बंद झाला. तू पन न्हाय खेललीस तं मी शिकवू कोनाला?" तेव्हा ती हसली. तुला बरं वाटलं ना ते हसू बघून? ते या उत्तराचं होतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते तुझ्याकडे बघूनच. पन्नास वर्षं ढाल ढाल करत गावभर फिरलास, आणि या पंचक्रोशीतला सर्वात पक्का कोपरा रोज तुझ्या ताटात भाकरी वाढत होता.

आता मनातलं सांगते. मीही डाव्या कोपऱ्यात खेळायचे, सहा नंबर. तू विसरलास का मला माहीत नाही. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात सासरे म्हणाले, तुमच्या घरून शब्द आलाय, खेळ बंद. बाबांनी शब्द दिलाय म्हटल्यावर मी काय बोलणार? सहा नंबरच्या जर्सीचं मी कंदील पुसायचं फडकं केलं. मैदानावर टाळ्या पडल्या की मी घराचं मागचं दार लावून घ्यायचे. एकोणीस वर्षांची होते रे मी. मला कोणी विचारलं असतं तरी पुरलं असतं.

रचनाचं तसं होऊ द्यायचं नव्हतं. त्यासाठी तुझी ढाल गेली असेल तर जाऊ दे. मला जराही वाईट वाटत नाही.

नीरा


तळखार,
३ फेब्रुवारी २०२५

चि. नीरास,

महिनाभर लिहिलं नाही. आधी राग होता म्हणून, मग राग नव्हता म्हणून.

आमचे पुरुष दुसऱ्याच फेरीत घरी आले. जावई बाकावर होते, त्यांनी सांगितलेलं पोरांनी ऐकलं असतं तर तिसरी फेरी दिसली असती. ते असो. मला पोरींच्या फायनलचं लिहायचंय. तू समोरच्या बाजूला होतीस, मी तळखारच्या बाकावर.

तळखार एका गुणाने पुढे होतं आणि शेवटची चढाई आरोहीची होती. तुमच्या अंगणात रचना आणि आणखी एक, दोघीच उरलेल्या. आरोहीला फक्त जाऊन परत यायचं होतं. दोघीच असताना पकड झाली तर दोन गुण, नाहीतर हंडा आमचा. माझ्या शेजारी सगळा गाव उभा. आरोहीला रचनानेच शिकवलेलं, त्यामुळे ती डाव्या कोपऱ्याकडे फिरकेना. रचना जागची हलली नाही, नजर खाली, आरोहीच्या पायांवर. मग आरोही मागे फिरताना तिचा एक पाय अर्धी वीत लांब पडला आणि आपली पोरगी जमिनीसरशी गेली. घोटा हातात आला तो सुटला नाही.

नीरा, मी बाकावरून उठलो आणि ओरडलो, "पकडली!" तळखारच्या बाकावरून, तळखारची हार झाल्यावर. आपलेच दात आणि आपलेच ओठ. दुसऱ्या दिवशी मला चिटणीसपदावरून काढायचा ठराव आला. एका मताने वाचलो, आणि ते मत आरोहीच्या बापाचं होतं. तो म्हणाला, पकडच तशी होती.

त्या पकडीत मला तू दिसलीस. मी विसरलो नव्हतो. सहा नंबर, वेण्या वर बांधलेल्या, तीच नजर खाली.

आता जे लिहायला महिना लागला ते लिहितो. शब्द बाबांनी दिला नव्हता. तुझे सासरे बोलणी करायला आले तेव्हा बाबा पान आणायला आत गेले होते. त्यांनी विचारलं, पोरगी खेळते म्हणे? त्यांनी नुसतं विचारलं होतं गं. बंद करा असं म्हणालेही नव्हते. मी चोवीस वर्षांचा, मोठा शहाणा, पटकन बोललो, "लगीन झाला का सुटंल तिचा खेल." त्यांनी मान डोलावली आणि ते ठरून गेलं. माहेरी येऊन तू रडलीस तेव्हाही मी खरं सांगितलं नाही. तुझं डिसेंबरचं पत्र वाचल्यावर माझं जुलैचं पत्र आठवलं. तेच शब्द, छत्तीस वर्षांनी, माझ्या पोरीसाठी. मला माझी लाज वाटली. माफ कर म्हणायचा हक्क आहे की नाही माहीत नाही, पण म्हणतो.

सोबत एक फॉर्म आहे. शिवरात्रीनंतरच्या रविवारी पन्नाशीपुढच्या बायकांचा एक सामना ठेवायला मी समितीला भाग पाडलं. चहासकट तीन बैठका लागल्या. तळखार विरुद्ध करंजटेप. करंजटेपच्या बायकांनी तुला विचारायच्या आत मी विचारतो. नियम सात: खेळाडू त्या गावात जन्मलेली हवी. तू तळखारची आहेस, दाखला मी ग्रामपंचायतीतून काढून जोडला आहे. बाकी रकाने भरले, सहीची जागा रिकामी ठेवली आहे. यावेळी विचारून.

तुझा,
दादा


करंजटेप,
७ फेब्रुवारी

दादा,

पत्र दोन दिवस उशाखाली ठेवलं. मग सासऱ्यांच्या फोटोपुढे उभी राहिले आणि छत्तीस वर्षं मनातल्या मनात त्यांना आणि बाबांना दिलेल्या शिव्यांची माफी मागितली. आमच्या ह्यांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, हिशेब चुकला होता, दुसऱ्याच्या नावावर मांडला गेला होता.

तुझ्यावर मी रागावले आहे. खूप. हा राग इतक्यात जाणार नाही. वीस मिनिटं मैदानात पळवून बघते, थोडा कमी झाला तर झाला.

फॉर्मवर सही केली आहे. माझ्या अटी पाठीमागे लिहिल्या आहेत, त्या इथेही सांगते, कारण तू फक्त आपल्याला हवं ते वाचतोस. डावा कोपरा माझा. जर्सी सहा नंबर, नवी, आणि ती मी परत देणार नाही. तू बाकावर बसायचंस, ओरडायचंस, पण डावपेच सांगायचे नाहीस, फोनवर तर मुळीच नाही. तालमीला रोज संध्याकाळी निकेश शिकवेल, रचना माझ्यावर चढाया करणार आहे. कालपासून सुरुवात केली. ती म्हणते, "आते, तुझा हात अजून सुटत न्हाय."

आणि बक्षीस हंडा असेल तर मी येणार नाही. समितीला सांग, ढाल ठेवा. देवळात तुझा खिळा पन्नास वर्षं रिकामा आहे ना, तो पक्का ठोकून ठेव.

चिटणीस म्हणून विचारशीलच, तर गुडघे दोन्ही जागेवर आहेत.

नीरा, सहा नंबर